न सांगितलं तर सगळंच टेन्सर : टॉर्चस्क्रिप्टला टाइप कुठे आणि कसे सांगायचे

मी कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी कॅमेरा-तपासणीचं काम करतो. कास्टिंग कन्व्हेयरवरून पुढे सरकतं, वर कॅमेरा असतो आणि बाजूच्या पॅनेलमध्ये एक औद्योगिक पीसी. त्यावर सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम चोवीस तास चालतो. ब्लोहोल, वाळूचे कण, कोल्ड शट असले दोष मॉडेलनं ओळखायचे आणि पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरला, सिग्नल द्यायचा. मॉडेल पायटॉर्चमध्ये, म्हणजे पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत, शिकवलेलं असतं, पण त्या पीसीवर पायथन नसतं आणि कोणी बसवूही देत नाही. म्हणून मॉडेल टॉर्चस्क्रिप्टमधून (पायथनशिवाय चालणाऱ्या रूपात) काढून लिबटॉर्चनं, म्हणजे पायटॉर्चच्या सी प्लस प्लस लायब्ररीनं, चालवायचं, असा आमचा ठरलेला रस्ता आहे.

या रस्त्यावर माणसं जिथे अडतात ते बहुतेक वेळा टाइपपाशी, म्हणजे कुठली व्हॅल्यू आकडा, कुठली स्ट्रिंग आणि कुठली टेन्सर (आकड्यांचा बहुमितीय तक्ता) हे सांगण्यापाशी. पायथनमध्ये मस्त चाललेलं मॉडेल टॉर्च.जिट.स्क्रिप्ट या टॉर्चस्क्रिप्ट बनवणाऱ्या फंक्शनला दिलं की लांबलचक तक्रार येते. मग कोणी घाबरून प्रत्येक ओळीला टाइप चिकटवतो, तर कोणी ट्रेसिंग या दुसऱ्या पद्धतीकडे पळतो (ती खाली येईल). दोन्हीची गरज नसते. कंपायलर बहुतेक गोष्टी स्वतः ओळखतो. त्याला ओळखता येत नाहीत अशा जागा मोजक्या आहेत आणि त्या दर वेळी त्याच असतात. त्या जागा माहीत झाल्या की काम अर्ध्या दिवसाचं.

एक सूचना: खालचे कोडचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. एडिटरमध्ये पायथनचे शब्द त्यांच्या नेहमीच्या अक्षरांतच टाका.

कंपायलर नेमकं काय बघतो

पायथनमध्ये टाइप हिंट, म्हणजे नावापुढे लिहिलेला टाइप, ही शोभेची गोष्ट आहे. इंट लिहा आणि आत स्ट्रिंग पाठवा, पायथन हूं की चूं करत नाही. मायपायसारखं टाइप तपासणारं साधन बाहेरून कुरकुर करेल तेवढंच. टॉर्चस्क्रिप्टमध्ये मात्र हिंट हा करार असतो. टॉर्चस्क्रिप्ट म्हणजे पायथनचा एक छोटा, पक्क्या टाइपचा भाग. स्क्रिप्ट म्हटल्यावर कंपायलर मॉडेलच्या फॉरवर्ड या मुख्य फंक्शनचा सोर्स कोड वाचतो, त्यातून ज्या ज्या फंक्शनला हाक मारली असेल तेही वाचतो, आणि प्रत्येक व्हॅल्यूचा टाइप कोड चालण्याआधीच ठरवतो. तुमचं मॉडेल तेव्हा एकदाही चाललेलं नसतं, त्यामुळे आत काय येणार हे त्याला दिसत नाही.

ट्रेसिंग याच्या उलट आहे. नमुना इनपुट देऊन मॉडेल एकदा चालवायचं आणि झालेल्या क्रिया टिपून घ्यायच्या. टाइपची कटकट नाही, पण इफ आणि लूप गायब. नमुन्याच्या वेळी इफची जी बाजू चालली तीच कायमची छापली जाते. दोषांची संख्या दर कास्टिंगला वेगळी असते, त्यामुळे कमी गुणांचे दोष वगळणाऱ्या गाळणीच्या भागात ट्रेसिंग आमच्या कामाचं नाही. आत लूप किंवा इफ नसलेला बॅकबोन (मॉडेलचा चित्रातून वैशिष्ट्यं काढणारा भाग) ट्रेस करून बाकीचं स्क्रिप्ट करणं मात्र अगदी चालतं, दोन्ही एकत्र नांदतात.

सुरुवात फंक्शनच्या दारापासून

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: ज्या पॅरामीटरला टाइप लिहिलेला नाही तो टेन्सर. यात वाद नाही, अंदाज नाही.

डेफ गाळणी(गुण, उंबरठा=०.५, कमाल=२०):

इथे उंबरठ्याची डिफॉल्ट किंमत ०.५ दिसतेय. आमच्याकडच्या एका नव्या मुलीनं हे बघून विचारलं होतं, "दादा, समोर ०.५ लिहिलंय ना? मग फ्लोट आहे हे त्याला कळत नाही?" कळतं, पण तो त्यावरून टाइप ठरवत नाही. तो उलट तक्रार करतो की या पॅरामीटरला टाइप लिहिलेला नाही, म्हणून मी टेन्सर धरला, आणि तुमची डिफॉल्ट किंमत टेन्सर नाही. ही तक्रार पूर्ण वाचा. 'टाइप लिहिलेला नव्हता म्हणून टेन्सर धरला' या अर्थाचं वाक्य जिथे दिसेल तिथे उपाय एकच, त्या पॅरामीटरला टाइप द्या.

डेफ गाळणी(गुण: टेन्सर, उंबरठा: फ्लोट = ०.५, कमाल: इंट = २०) -> लिस्ट[इंट]:
    क्रमांक: लिस्ट[इंट] = []
    फॉर आय इन रेंज(गुण.साइज(०)):
        इफ फ्लोट(गुण[आय]) >= उंबरठा अँड लेन(क्रमांक) < कमाल:
            क्रमांक.अपेंड(आय)
    रिटर्न क्रमांक

टेन्सर असलेल्या पॅरामीटरला टाइप नाही लिहिला तरी चालतं. मी तरी लिहितो, कारण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला 'लिहायचं राहिलं' आणि 'टेन्सरच आहे' यातला फरक कळायला हवा. परतीचा टाइप कंपायलर स्वतः काढतो, तोही मी लिहितोच. न लिहिता आतून चुकीचं काही परत गेलं तर तक्रार त्या फंक्शनवर न येता, त्याला हाक मारणाऱ्या तिसऱ्याच ओळीवर येते. लिहिला असेल तर ती जागच्या जागी येते.

आत मात्र हात आखडता घ्या. 'रुंदी = गुण.साइज(०)' या ओळीत रुंदी इंट आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. तिथे हिंट लिहिणं म्हणजे नुसती गर्दी.

जुन्या कोडमध्ये, पायटॉर्चच्या टॉर्चव्हिजन या चित्रांच्या लायब्ररीतसुद्धा, टाइप वेगळ्याच तऱ्हेनं लिहिलेले दिसतील. फंक्शनच्या पहिल्या ओळीखाली कॉमेंट असते: टाइप, मग कंसात पॅरामीटरचे टाइप, बाण, परतीचा टाइप. ती साधी कॉमेंट नाही, कंपायलर ती वाचतो, त्यामुळे साफसफाईच्या भरात उडवू नका. ही पद्धत पायथन २ साठी होती, कारण त्यात हिंटची सोय नव्हती. पायटॉर्च १.४ ही पायथन २ वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२० च्या जानेवारीतली. आता नवीन लिहिताना सरळ पायथन ३ ची पद्धत वापरा.

रिकामी लिस्ट, रिकामी डिक्शनरी

वरच्या तुकड्यात आत एकच हिंट आहे, रिकाम्या लिस्टवर. ती काढून बघा. रिकाम्या चौकटी कंसात काय भरणार हे कोणालाच कळणार नाही, म्हणून कंपायलर ठरवून टाकतो: लिस्ट[टेन्सर]. मग खाली इंट अपेंड करायला गेलात की तो अडवतो, आणि तक्रार अपेंडच्या ओळीवर येते, लिस्ट बनवली त्या ओळीवर नाही. माणसं अपेंडकडे टक लावून बसतात. रिकामी डिक्शनरीही अशीच, ती डिक्ट[स्ट्रिंग, टेन्सर] धरली जाते.

आत टेन्सरच भरणार असाल तर काही लिहायची गरज नाही. पुष्कळ कोड हिंटशिवाय चालतो तो याच कृपेनं. जुन्या कोडमध्ये याच कामासाठी टॉर्च.जिट.ॲनोटेट दिसेल. एखाद्या एक्स्प्रेशनच्या मध्येच रिकामी लिस्ट द्यायची असेल, जिथे व्हेरिएबलच नाही, तिथे ते अजूनही उपयोगी पडतं.

नन

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

एखादी गोष्ट असेल किंवा नसेल, तर तिचा टाइप ऑप्शनल. 'मास्क: ऑप्शनल[टेन्सर] = नन' एवढं बहुतेकांना जमतं. अडचण पुढे येते. ऑप्शनल टेन्सरवर तुम्ही कुठलीच क्रिया करू शकत नाही, आधी तो नन नाही हे कंपायलरला पटवून द्यावं लागतं. पटवायचे मार्ग दोन: 'इफ मास्क इज नॉट नन' किंवा 'असर्ट मास्क इज नॉट नन'. इफच्या त्या बाजूत, किंवा असर्टच्या खाली, मास्क साधा टेन्सर होतो. नुसतं 'इफ मास्क:' लिहून हे होत नाही, ते वेगळं आहे. तिथे तुम्ही टेन्सरची खरी-खोटी किंमत विचारताय.

लूपच्या आधी 'सर्वोत्तम = नन' लिहून लूपच्या आत त्यात टेन्सर टाकणं हा पायथनचा रोजचा प्रकार. टॉर्चस्क्रिप्ट म्हणतं, या व्हेरिएबलचा टाइप आधी नन होता, आता तुम्ही टेन्सर घालताय. त्यामुळे पहिल्याच ओळीत 'सर्वोत्तम: ऑप्शनल[टेन्सर] = नन' लिहायचं, आणि लूप संपल्यावर वापरण्याआधी असर्ट.

आता सेल्फवरचे गुणधर्म. समजा, आधीची फ्रेम लक्षात ठेवून आत्ताच्या फ्रेमशी फरक काढायचाय. कन्व्हेयर थांबलाय की चालू आहे हे कळायला आम्ही असंच करतो.

क्लास फ्रेमतुलना(एनएन.मॉड्यूल):
    मागची: ऑप्शनल[टेन्सर]

    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सुपर().__इनिट__()
        सेल्फ.मागची = नन

    डेफ फॉरवर्ड(सेल्फ, आत्ताची: टेन्सर) -> टेन्सर:
        मागची = सेल्फ.मागची
        इफ मागची इज नन:
            फरक = टॉर्च.झीरोज_लाइक(आत्ताची)
        एल्स:
            फरक = आत्ताची - मागची
        सेल्फ.मागची = आत्ताची
        रिटर्न फरक

यात दोन ओळी नीट बघा. पहिली, क्लासच्या नावाखालीच, इनिटच्या बाहेर लिहिलेली हिंट. मॉड्यूल स्क्रिप्टला देता तेव्हा इनिट आधीच चालून गेलेला असतो. कंपायलर तयार झालेली वस्तू बघतो आणि सेल्फ.मागचीमध्ये त्याला नन दिसतो. पुढे त्यात टेन्सर येणार हे फक्त क्लासच्या मुख्य भागातल्या हिंटवरूनच कळतं. रिकाम्या लिस्टचंही तसंच. इनिटमध्ये 'सेल्फ.नावं: लिस्ट[स्ट्रिंग] = []' लिहिलंत तर पायटॉर्च इशारा देतो की इनिटमधली अशी हिंट त्याच्या टाइप पद्धतीत बसत नाही, क्लासच्या मुख्य भागात लिहा किंवा टॉर्च.जिट.ॲट्रिब्यूटमध्ये गुंडाळा. हिंटच दिली नाही, तर 'या मॉड्यूलला असा गुणधर्मच नाही' अशी उफराटी तक्रार येते. गुणधर्म डोळ्यांसमोर असतो आणि संगणक म्हणतो नाही. त्याच तक्रारीत कंसात लिहिलेलं असतं की पायथनमध्ये तो आहे, पण त्याचा टाइप आम्हाला बदलून घेता आला नाही. लोक तो कंस वाचतच नाहीत.

दुसरी ओळ, 'मागची = सेल्फ.मागची'. ही ओळ फालतू वाटते आणि कोड रिव्ह्यूमध्ये कोणीतरी हमखास उडवतो. उडवू देऊ नका. सेल्फवरचा गुणधर्म तपासणीनंतर आणि वापरण्याआधी मध्येच कोणीतरी बदलू शकतो, म्हणून कंपायलर 'सेल्फ.मागची इज नॉट नन' या तपासणीवर विश्वास ठेवत नाही. स्थानिक व्हेरिएबल कोणी बाहेरून बदलू शकत नाही, त्यामुळे त्यावर ठेवतो. आम्ही त्या ओळीशेजारी कॉमेंटच टाकतो: 'काढू नये, जिटसाठी' (जिट म्हणजे टॉर्चस्क्रिप्टचा कंपायलर).

इफच्या दोन बाजू आणि परतीचा रस्ता

एका बाजूला टेन्सर, दुसऱ्या बाजूला इंट, आणि खाली तेच व्हेरिएबल वापरलंय, असं चालत नाही. 'दोष सापडला नाही तर ०, सापडला तर गुणांचा टेन्सर' असा कोड पायथनवाले सर्रास लिहितात. इथे हिंटनं काही होत नाही, कोडच बदलायला हवा. दोष नसेल तेव्हाही टेन्सरच द्या, शून्य लांबीचा. पुढचा सगळा कोड त्यामुळे सुटसुटीत होतो हा वरचा फायदा.

परतीच्या टाइपचं सगळ्यात बोलकं उदाहरण टॉर्चव्हिजनच्या फास्टर आर-सीएनएन या वस्तू शोधणाऱ्या मॉडेलमध्ये आहे. पायथनमध्ये हे मॉडेल ट्रेनिंगच्या वेळी लॉसची (चुकांच्या मापांची) डिक्शनरी देतं आणि एव्हॅलच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या, वेळी सापडलेल्या वस्तूंची लिस्ट. म्हणजे एकाच फंक्शनचे दोन परतीचे टाइप, आणि कुठला मिळणार हे सेल्फ.ट्रेनिंगवर अवलंबून. टॉर्चस्क्रिप्टमध्ये हे बसणं शक्य नाही. मग त्यांनी केलं काय? स्क्रिप्ट होत असेल तर नेहमी दोन्ही द्यायचं, टपल करून, आधी लॉस मग डिटेक्शन. टॉर्च.जिट.इज_स्क्रिप्टिंग हे विचारून दोन वाटा केल्या, आणि पायथनची जुनी वाट एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून त्यावर टॉर्च.जिट.अनयूज्ड लावलं. स्क्रिप्ट केलेलं मॉडेल पहिल्यांदा चालवलं की इशाराही मिळतो: स्क्रिप्टिंगमध्ये आर-सीएनएन कायम लॉस आणि डिटेक्शनचं टपल देतं.

सी प्लस प्लसकडे याचा परिणाम होतो. लोड केल्यावर फॉरवर्डकडून आलेली आयव्हॅल्यू (लिबटॉर्चमधली कुठलाही टाइप धरणारी वस्तू) थेट लिस्ट म्हणून उघडायला गेलात तर प्रोग्रॅम तिथेच अपवाद फेकतो. आधी टपल म्हणून उघडा, दुसरा घटक घ्या, मग त्याची लिस्ट. एव्हॅलमध्ये पहिला घटक रिकामी डिक्शनरी असते, तिच्याकडे बघायचंही नाही.

हीच युक्ती आम्ही आमच्या मॉडेलमध्येही वापरतो: दोन वाटा, एक पायथनसाठी, एक जिटसाठी. इज_स्क्रिप्टिंगची अट कंपायलर आधीच सोडवतो आणि नको असलेली बाजू कंपाइलच करत नाही, त्यामुळे तिथे नमपाय असो, प्रिंटचे नखरे असोत, काही बिघडत नाही. तुमची स्वतःची अटसुद्धा अशी सोडवता येते. क्लासच्या मुख्य भागात 'मास्क_हवा: टॉर्च.जिट.फायनल[बूल]' लिहा. फायनल म्हटल्यावर ती किंमत स्थिर धरली जाते आणि 'इफ सेल्फ.मास्क_हवा' याची एकच बाजू उरते. एकाच क्लासमधून दोन प्रकारची मॉडेलं काढणाऱ्यांना ही हिंट फार कामाची आहे, आणि तरी ती फारशी कोणी वापरताना दिसत नाही.

आकडे

टेन्सरमधून साधा आकडा काढायला पायथनमध्ये आयटम वापरतो. टॉर्चस्क्रिप्टमध्ये आयटमनं मिळणारी गोष्ट इंटही नसते आणि फ्लोटही नसते, तो एक सर्वसाधारण आकडा असतो. तो इंट मागणाऱ्या फंक्शनला चालत नाही. त्यामुळे इंट(क्ष.आयटम()) किंवा सरळ इंट(क्ष) असं लिहा. तसंच, स्क्रिप्टच्या आत फ्लोट मागणाऱ्या तुमच्या फंक्शनला १ पाठवला की तो नाकारतो. १.० लिहा. पायथनची ढिलाई इथे नाही.

शेप, म्हणजे टेन्सरची मापं, ही लिस्ट[इंट] आहे, टपल नाही. टपलची लांबी कंपायलरला आधी माहीत असावी लागते, म्हणून टपल(क्ष.शेप) कंपाइल होत नाही.

एकाच डिक्शनरीत सगळं कोंबणं

निकाल डिक्शनरीत द्यायची सवय: दोषांभोवतीच्या पेट्या टेन्सर, संख्या इंट, यंत्राचं नाव स्ट्रिंग. टॉर्चस्क्रिप्टच्या डिक्शनरीत सगळ्या व्हॅल्यूंचा टाइप एकच असावा लागतो. नव्या आवृत्त्या अशी मिसळ युनियन (अनेकांपैकी एक टाइप) म्हणून चालवून घेतात, पण इशारा देतात की यातली कुठलीही व्हॅल्यू वापरण्याआधी इझइन्स्टन्स तपासा. त्या वाटेला जाऊच नका. नेम्डटपल (नाव दिलेल्या फील्डचं टपल) करा, प्रत्येक फील्डला टाइप द्या, झालं. सी प्लस प्लसमध्ये ते टपल म्हणूनच उघडतं आणि फील्डचा क्रम तुम्ही ठरवलेलाच राहतो.

जे कंपाइल होणारच नाही ते

ओपनसीव्हीनं चित्र साठवणारं डीबगचं फंक्शन, लॉग लिहिणारं फंक्शन, असलं काही मॉडेलमध्ये असतंच. त्यासाठी दोन डेकोरेटर आहेत. टॉर्च.जिट.इग्नोर लावलं तर कंपायलर आत बघत नाही, चालताना पायथनला हाक मारतो. फाइलमध्ये साठवायला गेलात की अडेल, कारण पायथनची हाक फाइलमध्ये जात नाही. टॉर्च.जिट.अनयूज्ड लावलं तर फंक्शनच्या जागी एक अपवाद बसतो, आणि मॉडेल साठवता येतं. कारखान्यात पाठवायचं मॉडेल असेल तर अनयूज्डच.

दोन्हींत कंपायलर आतला कोड वाचत नसल्यामुळे फंक्शनची सही हाच त्याचा एकमेव आधार. परतीचा टाइप लिहिला नाहीत तर तो टेन्सर धरतो, आणि इथे आत डोकावून खरं काय ते काढायची सोय नसते. अशा फंक्शनला सगळे टाइप लिहा, परत काही देत नसेल तर तेही लिहा.

हिंट आपोआप मिळवायच्या असतील तर

मंकीटाइप नावाचं पॅकेज बसवलेलं असेल, तर टॉर्च.जिट.स्क्रिप्टला एक्झाम्पल_इनपुट्स देता येतात. मग ते नमुन्यांवर कोड चालवून बघतं आणि दिसलेल्या टाइपवरून हिंट ठरवतं. दुसऱ्या कोणाचा भला मोठा, हिंट नसलेला कोड हातात आला तर पहिल्या दिवशी हे जरूर वापरा. पण त्याला दिसलं तेवढंच कळतं. नमुन्यात एकदाही नन आला नसेल तर ऑप्शनल लागणार नाही. काढलेल्या हिंट बघून हातानं कोडमध्ये लिहून टाका, कायम त्यावर विसंबू नका.

टेन्सर म्हटलं म्हणजे सगळं सांगितलं असं नाही

या सगळ्या प्रकरणात एक मोठी पोकळी आहे. टेन्सर ही हिंट डीटाइपबद्दल (आतले आकडे कुठल्या प्रकारचे) काहीच बोलत नाही आणि शेपबद्दलही नाही. कॅमेऱ्यातून आलेली ० ते २५५ ची युइंट८ फ्रेम आणि ० ते १ ची फ्लोट३२ फ्रेम, दोन्ही टेन्सर. कंपायलर दोन्हीला मान डोलावतो. शिकवताना फ्रेम २५५ नं भागली आणि सी प्लस प्लसवाल्यानं नाही भागली, तर कुठलीही तक्रार न येता मॉडेल भलतंच सांगत राहील. टाइपच्या हिंटनं हे पकडता येत नाही, म्हणून मी दोन गोष्टी करतो. भागाकार मॉडेलच्या आत घेतो, फॉरवर्डच्या पहिल्याच ओळीत. आणि त्याच्याही आधी दोन असर्ट: डीटाइप युइंट८ आहे का, डिम, म्हणजे मिती, चार आहेत का. ही असर्ट टॉर्चस्क्रिप्टमध्ये कंपाइल होतात आणि सी प्लस प्लसमध्येही चालतात. त्यांना लागणारा वेळ नगण्य आहे.

शेपचं सांगायचं तर आता दुसरी वाट आलीय. टॉर्चस्क्रिप्ट पायटॉर्च १.० बरोबर, २०१८ च्या डिसेंबरात आलं. २०२३ च्या मार्चमध्ये २.० बरोबर टॉर्च.कंपाइल आलं, आणि त्याच वर्षी २.१ मध्ये टॉर्च.एक्सपोर्ट. पायटॉर्चच्या आताच्या कागदपत्रांत टॉर्चस्क्रिप्ट कालबाह्य म्हटलंय आणि एक्सपोर्ट वापरायला सांगितलंय. नवीन प्रकल्प सुरू करत असाल तर तिकडे बघा. मात्र कारखान्यांत बसलेली मॉडेलं वर्षानुवर्षं हलत नाहीत, त्यामुळे टॉर्चस्क्रिप्ट सांभाळायचं काम अजून बरंच उरलंय.

एक्सपोर्टमध्ये सांगायची गोष्टच वेगळी. तिथे पायथनच्या टाइप हिंटना अर्थ नाही, कारण तो नमुना इनपुटवरून आलेख काढतो. त्याला सांगायचं असतं ते हे की नमुन्यातल्या कुठल्या मापाला चिकटून राहायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं. काहीच सांगितलं नाही तर तो सगळी मापं स्थिर धरतो, आणि इनपुट म्हणून दिलेला साधा इंट त्याच किमतीचा स्थिरांक होतो. एका वेळी किती फ्रेम येतील हे बदलतं असेल तर डिम नावाची वस्तू करून, हवं तर किमान-कमाल देऊन, ती डायनॅमिक_शेप्समध्ये द्यायची. यात एक खोच आहे. नमुना एका फ्रेमचा देऊ नका, दोन किंवा जास्त फ्रेमचा द्या. ० आणि १ ही मापं तो खास धरतो. एकाचाच नमुना दिला तर तो ते माप १ वरच पक्कं करतो आणि मग म्हणतो, तुम्ही मोकळं सोडा म्हणालात, पण इथे तर स्थिर निघालं.

तपासणी

स्क्रिप्ट झाल्यावर आधी स्क्रिप्ट केलेल्या मॉडेलच्या फॉरवर्डची स्कीमा प्रिंट करा. एका ओळीत पूर्ण सही दिसते: काय आत जातं, काय बाहेर येतं. ती ओळ जशीच्या तशी सी प्लस प्लसवाल्याला पाठवा, त्याला तेवढीच लागते. मग कोड हा गुणधर्म प्रिंट करा. कंपायलरला तुमचा कोड कसा समजला ते टाइपसकट वाचता येतं, आणि जिथे इंट हवा तिथे टेन्सर बसलाय का ते लगेच दिसतं.

त्यानंतर मूळ मॉडेल आणि साठवून परत लोड केलेलं मॉडेल, दोघांना एव्हॅलमध्ये टाकून तीच चित्रं द्या आणि टॉर्च.ऑलक्लोजनं उत्तरं ताडून बघा. चित्रं निवडताना भरपूर दोष असलेलं कास्टिंग असतंच सगळ्यांकडे. ज्यात एकही दोष नाही असं स्वच्छ कास्टिंग, आणि नुसता मोकळा पट्टा, ही दोन चित्रं मुद्दाम घाला. शून्य लांबीचे टेन्सर, रिकाम्या लिस्टा आणि नन या तिन्ही गोष्टी त्याच दोन चित्रांत सापडतात. पेट्यांच्या टेन्सरचा शेप तिथे शून्य बाय चार यायला हवा. नुसता शून्य आला, तर गाळणीतल्या रिकाम्या वाटेवर एक नजर टाका.